खेकड्यावर खापर

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. धरणाखालची वाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. दोन-तीन दिवसांत तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण सांगितलं : खेकडे! खेकड्यांनी धरणाच्या भिंतीत बिळं केली, त्यातून गळती झाली आणि धरण फुटलं. पुढचा आठवडाभर महाराष्ट्रात दुसरा विनोद नव्हता. काही मंडळी तर खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेली, "आरोपींना अटक करा" म्हणत.

आता गंमत अशी, की मातीच्या बांधात खेकडे बिळं करतात हे शंभर टक्के खरं आहे. कोकणातल्या कुठल्याही खारभूमीच्या शेतकऱ्याला विचारा. पण गावकरी गळतीची तक्रार आधीपासून करत होते, असंही तेव्हाच बाहेर आलं. म्हणजे खेकडा होता, बीळही होतं. प्रश्न होता तो बीळ दिसत असताना बुजवलं का नाही हा. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर झोपला की 'रूट कॉज' नावाचा एक कागद लिहितो. त्यात "डिस्क भरली" एवढंच लिहिलं तर मॅनेजर तो परत पाठवतो. डिस्क भरली हे कारण नाही रे बाबा, ती भरेपर्यंत कोणी बघितलं का नाही ते लिही!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण वेगळं आहे. ऑफिसातला एक मित्र दोन वर्षं सिएटलला ऑनसाइट होता. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला : एक महागडं कॉफीचं मशीन आणि हिरव्या खेकड्याची भीती. माझं आजोळ करंजाचं, उरणच्या टोकाला, जिथून रेवसची बोट सुटते ते. खाडीत आता पूर्वीसारख्या शिवल्या मिळत नाहीत, चिंबोऱ्याही लहान झाल्यात, असं मामा-मामी म्हणतात हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं. त्याचं निदान तयार होतं. "जहाजातून परदेशी खेकडा आला असणार. जेएनपीटी शेजारीच आहे ना तुमच्या!"

अंदाज अगदीच फेकलेला नाही. त्यामुळे तो नीट तपासून बघावासा वाटला.

आधी त्याच्या खेकड्याबद्दल. हा मूळचा युरोपचा, नाव कार्सिनस मीनस. दिसायला किरकोळ, पाठ फार तर नऊ-दहा सेंटीमीटर रुंद. १८१७ च्या सुमारास तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला. १९५० च्या दशकात तिथल्या मेन राज्यात शिंपल्यांचा धंदा कोसळला, त्यात याचा मोठा हात होता असं मानतात. पश्चिम किनाऱ्यावर तो १९८९ च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दिसला आणि १९९८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात. २०२१ साली तिथल्या लुम्मी या आदिवासी समाजाने आपल्या शिंपल्यांच्या तळ्यातून सत्तर हजारांहून जास्त हिरवे खेकडे पकडले. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने चक्क आणीबाणी जाहीर केली. खेकड्यासाठी!

याची खायची पद्धत साधी आहे. शिंपला उकरून काढायचा, नांगीत धरायचा आणि कवच फुटेपर्यंत दाबायचं. मोठा, जाड कवचाचा शिंपला बरेचदा वाचतो. लहान वाचत नाही. तिकडे जुन्या दलदली पुन्हा जिवंत करायची मोठी कामं चालतात. बांध फोडून भरतीचं पाणी आत घेतात, गवत रुजवतात, शिंपल्यांचं बी सोडतात. अशा नव्या दलदलीत शिंपले सगळे कोवळे, एकाच वयाचे, पातळ कवचाचे. खेकड्यासाठी ते वाढलेलं ताटच. त्यामुळे तिकडच्या लोकांची भीती खरी आहे. इटलीत २०२३ साली असंच झालं. अमेरिकेच्या निळ्या खेकड्याने पो नदीच्या मुखाजवळची शिंपल्यांची शेती फस्त केली आणि सरकारला खेकडे पकडण्यासाठी पैसे जाहीर करावे लागले.

इथवर मित्र जिंकला. पण पुढे वाचत गेलं की गोष्ट तेवढी सरळ राहत नाही.

इटलीचंच बघा. तो निळा खेकडा ज्या शिंपल्यांवर तुटून पडला ते शिंपलेही मूळ तिथले नव्हेत! ते फिलिपाईन्स-जपानकडचे. १९८३ मध्ये व्हेनिसच्या खाजणात धंद्यासाठी मुद्दाम आणून सोडले, आणि त्यांनी तिथल्या मूळच्या शिंपल्यांना बाजूला सारलं. म्हणजे बाहेरून आलेल्याने बाहेरून आलेल्याला खाल्लं. पण आधीच्याचे पैसे मिळत होते, म्हणून चाळीस वर्षांत तो 'आपला' झाला.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच केप कॉडचं. तिथल्या खाऱ्या दलदलीतलं गवत उजाड होत होतं. गुन्हेगार निघाला एक अस्सल स्थानिक जांभळा खेकडा, सेसार्मा. त्याला खाणारे मासे लोकांनी हौसेच्या मासेमारीत संपवले, त्यामुळे तो बेसुमार वाढला आणि गवत मुळासकट खात सुटला. मग तिथे पोचला आपला बदनाम हिरवा खेकडा. त्याने जांभळ्याला बिळातून हुसकलं, काहींना खाल्लं, आणि गवत परत यायला लागलं. ब्राउन विद्यापीठाच्या मार्क बर्टनेस यांच्या गटाने २०१३ साली हे छापलं. आता यात घरचा कोण आणि चोर कोण, ठरवा.

आणि तिसरं उदाहरण आपलंच. आपल्या खाडीत मिळते तशी मोठी चिंबोरी १९२६ ते १९३५ च्या काळात हवाई बेटांवर नेऊन सोडली गेली. गोव्यात ज्यांची चमचमीत भाजी होते ते शिणाणे, म्हणजे हिरवे शिंपले, १९९९ मध्ये फ्लोरिडाच्या टॅम्पा उपसागरात सापडले. तिथल्या वीज केंद्राच्या पाण्याच्या वाटा त्यांनी बुजवल्या. तिकडच्या कागदपत्रांत परदेशी उपद्रवी म्हणून आपल्या गोंयकारांची नोंद आहे :-)

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लुम्मींचं ते तळं नैसर्गिक नाही. शिंपल्यांच्या शेतीसाठी बांध घालून अडवलेलं साडेसातशे एकरांचं पाणी आहे ते. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात कॅरिबियनकडचा एक परका शिंपला सापडला, तोही दरवाजे असलेल्या तीन बंदिस्त बोट-गोद्यांत. तिथल्या सरकारने गोद्या बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं सगळं मारलं आणि तो शिंपला संपवला. इटलीतही नुकसान झालं ते एकाच जातीच्या शिंपल्यांनी भरलेल्या शेतांचं. केरळात मात्र वेगळं घडलंय, तिथे येतोच पुढे. पण बहुतेक ठिकाणी बाहेरच्या जीवाला बस्तान बसवायला माणसाने आधी जागा करून दिलेली असते. पाणी अडवून, खाणाऱ्याला संपवून, किंवा एकच पीक लावून.

आता येऊ करंजाला.

ब्रिटिश गॅझेटियरमध्ये उरणचं अख्खं बेट 'करंजा' या नावाने येतं. मिठागरं, भातखाचरं, खाजणं, मध्ये द्रोणागिरीचा डोंगर आणि दक्षिणेला धरमतरच्या खाडीचं तोंड. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि मग बायका टोपल्या घेऊन उतरतात. चिखलात शिवल्या, खडकावर कालवं, बिळात चिंबोऱ्या, वर उड्या मारणाऱ्या निवट्या. यात चिंबोरी शिवल्या खाते का? खाते की! तिच्या नांगीत बोट गेलेल्या माणसाला विचारा ताकद किती ते. हजारो वर्षं ती खातेय आणि हजारो वर्षं दोघी नांदल्या. कारण चिंबोरीला खाणारेही होते, लहानपणी मासे आणि पक्षी, मोठेपणी आपण.

मग बाहेरचं कोणी आलंच नाही का? आलं ना! पण तो खेकडा नव्हता. डार्विनमध्ये सापडला तोच कॅरिबियनचा परका शिंपला, मायटिलॉप्सिस साली, १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. बोटांच्या पेराएवढा, पण झुबक्याने चिकटतो आणि लाकूड, लोखंड, दोर सगळं झाकून टाकतो. असे जीव दोन वाटांनी येतात. एक, जहाजाच्या बुडाला चिकटून. दुसरी, जहाजाच्या पोटातल्या पाण्यातून. माल कमी असताना जहाज डुलू नये म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि माल चढवताना दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यात खेकड्यांची, शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असतात. २००० ते २००४ या काळात यावर एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला. त्यात जगातून निवडलेल्या सहा बंदरांपैकी एक मुंबई होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि जेएनपीटीच्या गोद्यांतले जीव तेव्हा मोजले. २००४ मध्ये या पाण्याबद्दल जागतिक करार झाला, तो लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं. बुडाला चिकटून येणारे जीव त्या करारात नाहीतच.

तेव्हा "परदेशी जीव वगैरे सगळं थोतांड आहे" असं मला अजिबात म्हणायचं नाही. केरळात अष्टमुडी कायलात आज दक्षिण अमेरिकेकडच्या शिंपल्याने स्थानिक शिंपल्यांची आणि कालवांची जागा बळकावली आहे. त्याच अष्टमुडीच्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये टिकाऊ मासेमारीचं जागतिक प्रमाणपत्र मिळालं होतं, भारतातलं पहिलं. म्हणजे चांगली राखलेली जागाही सुटत नाही. बंदराच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. गोद्यांतल्या जीवांची अशी मोजणी दर दोन-तीन वर्षांनी व्हायला हवी आणि तिचे आकडे मराठीत, कोळीवाड्यातल्या माणसाला कळतील असे, छापायला हवेत. बोटीच्या बुडावर नवीन काही चिकटलेलं सगळ्यात आधी दिसणार ते बोट खरवडणाऱ्यालाच.

पण करंजाच्या चिखलातल्या शिवल्या कमी व्हायचं कारण शोधायचं तर जहाजाच्या टाकीपाशी सुरुवात करायची गरज नाही. उरणमध्ये गेल्या चाळीस वर्षांत काय झालं ते दिसायला दुर्बीण लागत नाही. २६ मे १९८९ ला जेएनपीटी सुरू झालं. मग एकामागून एक टर्मिनलं, त्यांच्यासाठी भराव, भरावासाठी डोंगर, कंटेनर यार्ड, रस्ते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू इकडे उतरला. मी स्वतः त्यावरून भुर्रकन आलोय आणि वेळ वाचला म्हणून खूश झालोय, ते नाकारत नाही. पण भरावाने फक्त भरावाखालची जागा जात नाही. पाण्याची वाट बदलते. एका ठिकाणी प्रवाह मंद झाला की तिथे गाळ बसतो. शिवली चिखलात असते खरी, पण तिला वाळूमिश्र, भरती-ओहोटीने धुतला जाणारा चिखल लागतो. वर पातळ गाळाचा थर साचत गेला की ती गुदमरते. मामी म्हणते, आधी गुडघाभर चिखलात जायचो, आता कमरेपर्यंत रुततो आणि हाताला काही लागत नाही. मला वाटतं हे एक वाक्य कुठल्याही रिपोर्टाच्या सारांशात शोभेल.

चिंबोरीचं गणित आणखी नाजूक. वाढते ती खाडीत, तिवरांच्या मुळाशी. पण मादी अंडी सोडायला उघड्या समुद्रात जाते. लाखो पिल्लांतली थोडीशी भरतीबरोबर खाडीत परत येतात. येण्या-जाण्याची ही वाट कुठेही बुजली तरी पिढी तुटते. यात परदेशी खेकड्याची गरजच नाही.

हे काही मी नव्याने शोधून काढलेलं नाही. २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाने बंदर विस्तारामुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश होता जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांना. भरती-ओहोटीचं पाणी अडलं, मासे मिळायच्या जागा गेल्या, हे तिथे कोर्टाच्या भाषेत आलं. त्या खटल्यात आरोपी म्हणून खेकडा नव्हता.

खारभूमीचे बांध हेही याच गोष्टीचं दुसरं रूप. पेण-अलिबाग-उरणच्या पट्ट्यात समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध आणि पाणी सोडायला उघाड्या असतात. खेकडा बांधात बीळ करतो, उधाणाचं पाणी ते मोठं करतं आणि एक दिवस खांड पडते. पूर्वी गावकरी मिळून दरवर्षी बांध तपासायचे, बिळं बुजवायचे. खारेपाटात या व्यवस्थेला 'जोळ' म्हणत. पुढे कायदा झाला, खातं आलं, जोळ मोडली. खेकडा तेव्हाही होता, आताही आहे. बीळ बुजवणारा मात्र कमी झाला.

आता यात तुमचा-माझा, म्हणजे सोमवार ते शुक्रवार स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचा काय संबंध? संबंध असा, की शनिवार-रविवारी आपण पर्यावरण वाचवायला जातो! टी-शर्ट, टोपी, नाश्त्याचं पाकीट, हातात तिवराचं रोप, आणि मग फोटो. भावना चांगलीच असते, मी चेष्टा करत नाही. मागे अशाच एका कार्यक्रमात उघड्या चिखलात रांगेने रोपं लावायचं ठरलं होतं. तिथल्या एका मावशींनी आयोजकांना सरळ विचारलं, की इथे आम्ही शिवल्या काढतो, इथेच का लावताय? उत्तर मिळालं, टार्गेट आहे. विषय संपला.

मावशींचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होता. उघडा चिखल म्हणजे रिकामा प्लॉट नव्हे. तिथे तिवर उगवत नाही याचं कारण बरेचदा असं, की तिथे पाणी जास्त वेळ उभं असतं. फिलिपाईन्समध्ये अनेक वर्षं अशाच चुकीच्या जागी, समुद्राकडच्या चिखलात, रोपं लावली गेली. २००८ साली अभ्यासकांनी हिशोब केला तेव्हा जगलेली रोपं जेमतेम दहा ते वीस टक्के निघाली. उलट फ्लोरिडात रॉबिन लुईस नावाच्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली : आधी पाण्याची वाट मोकळी करा, जमिनीची उंची बरोबर करा, बी भरतीबरोबर आपोआप येईल. त्याने वेस्ट लेकला एवढंच करून शेकडो एकर तिवरं उभी केली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिवरं तोडणं हा जगण्याच्या हक्कावर घाला मानला, फार चांगलं केलं. पण तिवरं वाचवणं म्हणजे फक्त झाडं मोजणं असं आपण धरून बसलो, तर शिवल्यांचा चिखल भरावाने गेला नाही तरी रोपांनी जाईल.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसातून अशा कार्यक्रमाची मेल आली तर जा जरूर. पण नाव नोंदवण्याआधी तीन प्रश्न विचारा. इथे भरतीचं पाणी येतं का, आणि येत नसेल तर कोणी अडवलंय? या चिखलात आत्ता काय राहतं? आणि इथून रोज कोण काय काढून नेतं, त्यांना विचारलंय का? तिन्ही उत्तरं नीट मिळाली तर चिखलात उतरा. नाही मिळाली तर तोच शनिवार एखादी तुंबलेली मोरी मोकळी करण्यात घालवता येईल का ते बघा. त्याचा फोटो चांगला येणार नाही, पण पाणी येईल. आणि पाणी आलं की शिवली, चिंबोरी, तिवर यांना आपण शिकवायची गरज नसते.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण परदेशी खेकडा आला तर?" आला तर बघू, आणि बघायची यंत्रणा हवीच, ते वर लिहिलंय. पण जो अजून आलाच नाही त्याच्या नावावर चाळीस वर्षांचं बिल फाडता येणार नाही.

आणि हो, करंजाला चिंबोऱ्या घ्यायला जाणार असाल तर अमावास्येच्या आसपास जा, तेव्हा त्या भरलेल्या असतात असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी कोणी देत असेल तर मात्र घेऊ नका, सोडून द्यायला सांगा. मामी रागावेल, पण तिलाही ते पटतं.